कपाटातले पेढे

हे कोणाला पटणार नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. पटायला डोकं लागतं, आणि शालिकच्या सलूनमध्ये डोकी येतात ती फक्त वरून भादरून घ्यायला.

"सांगा तं खरं, मामा," शालिक म्हणाला. त्याने माझ्या गळ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि वाटीत ब्रश घोळवायला सुरुवात केली. "मागच्या खेपेले तुम्ही साप नाचवला होता."

"बेडूक. आणि मेलेला."

"मेलेला बेडूक नाचला?"

"मांडीला तार लावली की नाचतो. सायन्स आहे ते. तुझ्यासारख्याला सांगून उपयोग नाही, पण दाढी होईस्तोवर मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून सांगतो. नुसत्या शाईने जीव मरत नाही. नुसत्या उन्हाने मरत नाही. पण शाई आणि ऊन एकत्र आले की तासाभरात लाखो जीव खलास. हे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सिद्ध झालं, आणि ते सिद्ध झालं माझ्यामुळे."

"शाईनं?" शालिकने साबण माझ्या गालावर थापला. "मंग पोस्टातले कारकून कसे जित्ते हायेत?"

असे हे लोक.

तर मी पुंडलिक खोडके. एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. पोरं मामा म्हणायची, प्राध्यापक 'अरे' म्हणायचे, आणि दोघांनाही माझ्यावाचून झुरळाचं पोट फाडता येत नव्हतं. लॅबची किल्ली एकच. दुसरी होती, ती एका प्राचार्यांनी विहिरीत पाडली. उरली ती एकच, आणि ती एकतीस वर्षं माझ्या करगोट्याला होती. आंघोळीला नाही, झोपेत नाही, सासऱ्याच्या तेराव्याला नाही, कधी म्हणून सोडली नाही. मी उघडल्याशिवाय त्या खोलीत मुंगी शिरली नाही. प्राचार्यांना आत यायचं असलं तरी बाहेर उभं राहून खोकावं लागायचं.

"एवढं काय होतं हो आत?" शालिकने विचारलं.

"पॅरामिशियम होतं."

"ते कोन?"

साचलेल्या पाण्यातला जीव. चपलेच्या तळव्यासारखा आकार, पण इतका बारीक की थेंबभर पाण्यात शेकडो मावतात. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मामलेदाराची जीप आल्यावर तलाठी पळतो तसा पळतो. फायनलच्या पोरांच्या प्रॅक्टिकलला तो जिवंत लागतो. तो पाळायचा कसा, तर गवत उकळायचं, पाणी गार करायचं, त्यात तळ्याचं चमचाभर पाणी घालायचं आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायची. आठ दिवसांत लाखो. माझ्या बरणीतले मला तोंडओळखीने ठाऊक असायचे. एक लंगडा होता, तो डावीकडेच वळायचा.

शालिकने ब्रश पुन्हा वाटीत घोळवला. लंगडा त्याने सोडून दिला.

आता हिंगणकर. डॉक्टर हिंगणकर, आमचे विभागप्रमुख. पीएच.डी. गोगलगायीवर. नऊ वर्षं लागली. गोगलगायीने हिंगणकरवर केली असती तर चारात आटोपली असती. हा माणूस वर्गात शिरताना आधी पोट यायचं, मग फाईल, मग ज्ञान, आणि ज्ञान बहुतेकदा दारातच राहायचं. त्या वर्षी फायनलला बारा पोरं होती. अकरा तर नावं लक्षात ठेवायच्याही लायकीची नाहीत. बारावी इंदू वैराळे. बाप जिनिंगमध्ये हमाल. ही पोरगी रोज सात मैल सायकल हाणत यायची आणि पुस्तकात होतं ते वाचून यायची, हा तिचा मोठा दोष. एकदा हिंगणकरने फळ्यावर गोगलगायीचं हृदय काढलं. ही उठली. म्हणाली, "सर, हृदय उलट्या बाजूला काढलंय तुम्ही."

बरोबर होतं तिचं. नऊ वर्षं ज्या जनावरावर घातली त्याचं हृदय कुठे असतं तेवढंही त्या माणसाला धड आठवेना. तो हसला, पुसलं, पुन्हा काढलं, आणि तास संपल्यावर दारात तिला म्हणाला, "वैराळे, प्रॅक्टिकलला भेटू."

"डाव धरला," शालिक म्हणाला. वस्तरा त्याने तळहातावरच्या चामड्यावर घासला.

"धरला. आणि पोरीला ते परवडणारं नव्हतं. तिकडे एका शाळेत सायन्सच्या बाईची जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली. निकाल लागला की रुजू, नाही लागला तर दुसरी तयार होती. संस्थाचालक काय जन्मभर थांबतो?"

परीक्षेच्या आदल्या दुपारी हिंगणकर माझ्याकडे आला. बाहेरगावचे परीक्षक, एक्स्टर्नल, डॉक्टर केळापुरे म्हणून येणार होते. एक्स्टर्नल येणार म्हटलं की आमच्याकडे लग्नघर व्हायचं. त्यांना काय आवडतं, काय पचतं, मागच्या कॉलेजात काय दिलं, सगळी चौकशी आधी व्हायची. विषयाची तयारी त्यानंतर, वेळ उरला तर.

"मामा," हिंगणकर म्हणाला, "केळापुरे साहेबांना दोनची गाडी आहे. एकेक पोरगा थेंबात रंग टाकत बसला तर गाडी चुकेल. तू आजच सगळ्या बरणीत मिथिलीन ब्लू टाकून ठेव. उद्या नुसता थेंब घ्यायचा आणि बघायचं."

हा निळा रंग. त्याने तो जीव आतूनबाहेरून उठून दिसतो. दरवर्षी प्रत्येक पोरगा आपापल्या थेंबात टाकायचा. सबंध बरणी रंगवायची, ही अक्कल त्या वर्षी पहिल्यांदा निघाली.

"मरतील सर," मी म्हणालो.

"मरत नाहीत. अगदी कमी टाक. अरे, मी पीएच.डी. आहे."

टाकला. संध्याकाळी इंदू आली. म्हणाली, "मामा, एकदा हात फिरवू द्या, उद्या थरथरायला नको." मी बसू दिलं. निळ्या पाण्यातले जीव तिने पाहिले, मलाही दाखवले. मजेत होते. लंगडासुद्धा. बरणी कपाटात ठेवली, कपाट लावलं, लॅबला कुलूप ठोकलं. ती सायकलवर बसून गेली.

"म्हंजे शाईनं मेले नाईत," शालिक म्हणाला.

"अर्धं कळलं तुला. मान वर कर."

परीक्षेच्या दिवशी हिंगणकर साडेसहालाच एस.टी. स्टँडवर जाऊन उभा. हातात हार. हार! प्रॅक्टिकल घ्यायला येणाऱ्या मास्तराला! आणि एस.टी. पंक्चर. हार घेऊन हा माणूस साडेतीन तास त्या स्टँडवर उभा होता. लोकांना वाटलं कोणी मंत्री येतोय, म्हणून भोवती दीडशे माणूस जमलं आणि दोघांनी त्याला अर्ज दिले. दहाला केळापुरे उतरले तेव्हा टाळ्या वाजल्या म्हणतात.

"आन लॅब?"

"लॅब मी सातला उघडली. केर काढला, सूक्ष्मदर्शक पुसून मांडले. बरणी पूर्वेच्या खिडकीत होती. मार्च महिना, ऊन थेट बरणीवर. काय दिसत होती म्हणून सांगू! नीलमणी. पेढे कपाटात होते."

शालिकचा वस्तरा गालावर थांबला. "पेढे कपाटात काहून?"

"एक्स्टर्नलचे पेढे, शेरभर. आमच्या लॅबमध्ये मुंग्या, उंदीर आणि बी.एस्सी. फायनलची पोरं. तिघांपासून वाचतील अशी जागा एकच. कुलपाचं कपाट."

"आन बरणी खिडकीत कोनं ठेवली?"

"मधे बोलू नको. धार लागेल."

साडेदहाला, नाही, सव्वादहाला परीक्षा सुरू झाली. बारा पोरं ओळीने उभी. केळापुरे साहेब खुर्चीत, मांडीवर चिवड्याची बशी. गृहस्थ जाड भिंगाचे, आवाज बारीक, चेहरा असा की आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं उत्तर त्यांना आवडलं नसावं. पहिल्या पोराने थेंब घेतला. बघतो, बघतो. म्हणे, "सर, हलत नाहीये." दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याने तर जिवंत आहे असं समजून चित्रही काढून टाकलं. हिंगणकरने स्वतः डोळा लावला. फुगलेले, फुटलेले, निळे ठिक्कर. एकही जिवंत नाही. लाखोंचं गाव एका सकाळीत मसणात.

हिंगणकरचा चेहरा आधी घाबरला. मग हळूहळू त्याच्यावर आनंद पसरला. असा आनंद मी त्याच्या तोंडावर फक्त दुसऱ्याचा पगार कापला जातो तेव्हा पाहिला होता.

"काल शेवटी इथे कोण होतं?"

"मी सर," इंदू म्हणाली.

"काय टाकलंस बरणीत?"

"काही नाही सर. मी फक्त दोन थेंब घेतले."

"फक्त दोन थेंब! आणि लाख जीव आपणहून मेले! साहेब, हिचा माझ्यावर राग आहे. अख्ख्या बॅचचं प्रॅक्टिकल बुडवायचं म्हणून केलंय हे. मी विद्यापीठाला लिहून देतो."

केळापुरेंनी चिवड्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "अशा प्रकरणात तीन वर्षं बसू देत नाहीत," ते म्हणाले. कोणी पावसाचं सांगावं तसं. "लिहा लवकर. मला दोनची गाडी आहे."

ती अकरा पोरं जमिनीकडे बघत उभी. एक म्हणून बोललं नाही. कणे नसलेल्या प्राण्यांचा पेपर त्यांचा उगाच नव्हता. इंदूच्या हातातला उत्तराचा कागद कोरा होता, आणि तिने तो इतका घट्ट धरला होता की अंगठा आरपार जाईल असं वाटलं. ती माझ्याकडे वळली.

"मामा, तुम्ही सांगा ना. मी गेले तेव्हा बरणी कपाटातच होती ना? तुम्हीच कुलूप लावलं ना?"

"मंग?" शालिक म्हणाला. "तुम्ही काय सांगतलं?"

"मी म्हणालो, पोरी, धीर धर. आणि चहा आणायला गेलो."

"चहा?"

"अशा वेळी चहा लागतो. तुला कॉलेजातलं काय कळणार? कँटीनमध्ये त्या दिवशी दूध नासलं होतं, म्हणून जरा उशीर झाला. अर्धा तास म्हण. चहा घेऊन आलो तर खिडकीत काचेच्या दोन वाट्या मांडून तयार, एका ताटलीत पाणी घालून त्यात शेजारी शेजारी. आणखी एक वाटी कपाटात, पेढ्यांच्या पुड्याला टेकून."

"कोनं मांडल्या?"

"इंदूने. माझ्या सांगण्यावरून."

"तुम्ही तं चहाले गेल्ते."

"जाण्याआधी कानात सांगितलं होतं. तू दाढी कर."

त्याचं असं. पेढ्यांसाठी कपाट उघडंच होतं, आणि त्यात मागच्या कोपऱ्यात बिनरंगाच्या गवताच्या पाण्याची एक छोटी बाटली असायची. अडीअडचणीला. जीव त्यातलेच, पण रंग न पाजलेले. त्यातलं पाणी तिने तीन वाट्यांत घेतलं. पहिलीत रंग नाही, ती उन्हात. दुसरीत रंग, ती कपाटाच्या अंधारात. तिसरीत रंग, आणि तीही उन्हात. पाण्याची ताटली एवढ्यासाठी की दोन्ही वाट्या सारख्याच गार राहाव्यात, कोणी उकाड्याने मेले म्हणू नये. हिंगणकर 'हे काय नाटक' म्हणून ओरडत होता. पण केळापुरे म्हणाले, "राहू द्या, गाडीला अवकाश आहे, चहाही यायचाय."

म्हणजे माझ्या चहाने वेळ मिळवून दिला, हे लक्षात घे.

तासाभराने केळापुरेंनी स्वतः पाहिलं. भिंगावर भिंग लावून. पहिली वाटी, उन्हातली, बिनरंगाची. धावतायत. दुसरी, कपाटातली, निळी. धावतायत. तिसरी, निळी आणि उन्हातली. खलास. फुगलेले, फुटलेले, अगदी बरणीतल्यासारखे.

इंदू हळू आवाजात म्हणाली, "सर, मी विष घातलं असतं तर ते माझ्या हातून बरणीत गेलं असतं. ह्या वाट्यांत तर तुमच्यासमोर फक्त तुमचाच रंग आहे. रंगाने मेले असते तर कपाटातले मेले असते. उन्हाने मेले असते तर बिनरंगाचे मेले असते. दोन्ही मिळाल्यावरच मेले. काल मी गेले तेव्हा बरणी अंधारात होती, आणि अंधारात ते मरत नाहीत."

केळापुरेंनी चिवड्याची बशी खाली ठेवली. मी त्या माणसाला पहिल्यांदा रिकाम्या हाताने पाहिलं. "वाचलंय मी हे कुठेतरी," ते म्हणाले. "रंग उजेड पितो आणि पाण्यातला प्राणवायू चेतवतो. तो जीवाला जाळतो. जंतूंनासुद्धा. पण एखाद्या तालुक्याच्या गावात..." पुढचं त्यांनी गिळलं. मग टेबलावर पेन आपटलं. "एवढं कळलं. बरणी अंधारातून उन्हात कोणी आणली?"

"हं," शालिक म्हणाला. वस्तरा माझ्या गळ्यावर होता. "कोनं आनली?"

"सगळ्यांनी हिंगणकरकडे पाहिलं. तो निळा पडला. अगदी बरणीसारखा. पेढ्यांना जागा करायला त्यानेच सकाळी बरणी काढून खिडकीत ठेवली होती! पीएच.डी.! साहेबांपुढे मिरवायचे पेढे अंधारात आणि लाख जीव उन्हात. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, स्पष्ट, सर्वांसमोर. भ्यालो नाही. केळापुरेंनी हिंगणकरला असं झापलं की त्याचा हार सुकला. मग बारा पोरांना त्या छोट्या बाटलीतले थेंब दिले आणि प्रॅक्टिकल पार पडलं. इंदूला पन्नासपैकी सत्तेचाळीस."

"आन ती पोरगी काई बोलली नाई?"

"काय बोलणार? भारावली होती. नुसती माझ्या कमरेकडे बघत होती, किल्लीकडे. आदराने. पुढे निकाल लागला, नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मुद्दाम मला भेटायला आली. कॉलेजात दुसऱ्या कोणाला भेटली नाही. एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, 'मामा, पुढल्या वर्षी पेढे खिडकीत ठेवा, आणि बरणी कपाटात.' विनोदी होती. पाया पडली आणि गेली."

शालिकने वस्तरा माझ्या गळ्यावरून उचलला, फडक्याला पुसला आणि मिटवून ठेवला. अर्धी दाढी राहिली होती. आरशात माझा एक गाल साबणाने पांढरा, एक उघडा.

"उरलेली कोण करणार?" मी म्हणालो.

"मामा," तो म्हणाला, "साप सोडला मी."

"बेडूक."

"बेडूक सोडला. लंगडा सोडला, तो डावीकडं वळनारा. दीडशे मानूस, टाळ्या, सारं सोडलं. दुकानात बसून एवढं चालते. पन हे खोटं हाय."

"काय खोटं आहे?"

"हिंगणकर साडेसापासून दहापर्यंत हार घेऊन स्टँडवर उभा. तुम्हीच सांगतलं. किल्ली एकच, थे तुमच्या करगोट्याले. थेही तुम्हीच सांगतलं, मी इचारलंही नव्हतं. तुम्ही उघडल्याबिगर मुंगी शिरत नाई. मंग सातले उघडलं कोनं, अन् पेढ्यांसाठी बरणी काढून उन्हात ठेवली कोनं?"

मी तुरटीचा खडा शोधू लागलो. तो माझ्या समोरच होता.

"थे पोरगी तिकडं सर्वांपुढं चोर म्हनून उभी होती," शालिक म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. मी ज्या आवाजात आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल बोललो, त्याच आवाजात तो बोलत होता. "तुमच्याकडं पाहून इचारत होती. अन् तुम्ही चहाले गेले. तिनं तवाच ओळखलं होतं, मामा. किल्लीकडं पाहत होती, थे आदरानं नाई. तरी कोनाले सांगतलं नाई तिनं. तरी पेढा देल्ला तुमाले."